साडेनऊला उठव

उद्धवरावांनी बेचाळीस वर्षं एकाच इमारतीचं दार सांभाळलं आणि त्या इमारतीत खुर्चीवर बसून एकही खेळ पाहिला नाही. दारावरच्या माणसाने बसायचं नाही, हा टॉकीजचा नियम होता. टॉकीजचं नाट्यगृह झालं, खुर्च्यांना नवं कापड आलं, एसी आला, पण तो नियम तेवढा जुनाच राहिला.

कासारवाडी स्टेशनातून बाहेर पडून सात-आठ मिनिटं चाललं की हेमांगी रंगमंदिर लागतं. पूर्वीचं हेमांगी टॉकीज. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर टॉकीज बांधणाऱ्या मालकांचं नाव आहे, नाट्यगृहाचं उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचं आहे, आर्किटेक्टचंही आहे. पाट्यांची तऱ्हाच अशी. एकदा येऊन फीत कापून गेलेला माणूस सोनेरी अक्षरांत, आणि रोज चार वेळा कडी काढणारा-घालणारा हजेरीबुकात. उद्धवरावांना याचा राग येत नाही, म्हणून तो इथे सांगणाऱ्याने स्वतःकडे घेतला आहे.

यंदा नाट्यगृहाला दहा वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त इमारतीच्या इतिहासाचं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलं आणि ते काम स्वरूपाकडे आलं. ताथवड्याला इंजिनिअरिंग करून, दोन वर्षं नोकरी करून, मग घरच्यांच्या नाकावर टिच्चून नाटकात पडलेली ही मुलगी. जुनी तिकिटं, मालकांचे फोटो, पहिल्या प्रोजेक्टरचा एक सुटा भाग असं काय काय तिने जमवलं. शेवटी फोन हातात धरून ती उद्धवरावांसमोर बसली. म्हणजे ती पायरीवर बसली, उद्धवराव उभेच होते.

"काका, तुम्ही इथे किती सिनेमे पाहिले असतील?"

"ऐकले लई. बसून पाहिला नाही एकबी."

स्वरूपा हसली. मग उद्धवराव हसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने फोन बाजूला ठेवला. महिन्याअखेर उद्धवराव कामावरून कायमचे मोकळे होणार होते, हे तिला ठाऊक होतं. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वर्धापनदिनाच्या रविवारच्या दुपारच्या नाटकाला काकांनी बाल्कनीत बसायचं, मध्यंतरात स्टेजवर त्यांचा सत्कार करायचा आणि त्यांनी दोन शब्द बोलायचे.

"आणि शेजारच्या खुर्चीवर काकूंना आणा," ती म्हणाली.

उद्धवराव बराच वेळ कडीशी चाळा करत राहिले. काकू म्हणजे सुमनताई. त्यांचा संसार चौतीस वर्षांचा, आणि त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पण उद्धवरावांच्या तोंडून नाव निघालं ते वेगळंच.

"ती जागा भैरूची हाय, ताई. घटकाभरासाठी कुठून तरी त्याला हुडकून द्या."

भैरू कोण, हे सांगायचं तर त्र्याऐंशी सालात जावं लागेल.

कळंब तालुक्यातला उद्धव तेव्हा चोवीस वर्षांचा होता. कंपनीत लावतो असं सांगून चुलतभावाने त्याला इकडे आणला आणि स्वतः महिन्याभरात नाशिकला निघून गेला. कंपन्यांच्या गेटवर उभं राहून चपला झिजल्यावर हेमांगीच्या दारावर काम मिळालं. तात्पुरतं म्हणून धरलेलं ते काम कायमचं ठरलं. राहायला ठकुबाईच्या खाणावळीत जागा होती. जागा म्हणजे खोली नव्हे, खाटही पुरती नव्हे. लांबट अशी एकच खोली, तिच्यात आठ खाटा, आणि एकेका खाटेवर पाळीपाळीने दोन माणसं. एक कामावर गेला की दुसऱ्याने पाठ टेकायची. हा सगळा पट्टाच तेव्हा तसा चालायचा. माणसं जास्त आणि खाटा कमी होत्या.

उद्धवच्या खाटेचा दुसरा मालक भैरू. पाटणच्या डोंगरातला, हडकुळा, मोठ्या कानांचा. एका कंपनीत टेम्पररी लागलेला आणि टेम्पररी म्हणून कायम तिसऱ्या शिफ्टला टाकलेला. उद्धव शेवटचा खेळ सुटल्यावर येऊन निजायचा तेव्हा भैरू मशीनवर असायचा. भैरू दुपारी येऊन निजायचा तेव्हा उद्धव दारावर. एकाच उशीवर दोघांची डोकी रोज टेकायची आणि खोलीत दोघांची गाठ कधी पडायची नाही.

आता यात मेख अशी होती की शिफ्ट सकाळी सातला सुटायची आणि खाट मिळायची दुपारी बाराला. मधल्या वेळात ठकुबाई खाटा उचलून भिंतीला उभ्या करायची, तिथेच चूल पेटायची आणि तिथेच पंगती बसायच्या. ती मूळची कासारवाडीची, तोंडाने फटकळ.

"सकाळचं हितं कुनी निजायचं न्हाई," ती म्हणायची. "आमी सैपाक करायचा का तुमचं घोरनं ऐकायचं?"

मग तिसऱ्या शिफ्टच्या माणसांनी जायचं कुठे? ती हेमांगीत यायची. साडेआठचा मॉर्निंग शो. दुसरीकडे मॉर्निंग शोला कॉलेज बुडवणारी पोरं बसतात. हेमांगीत डबे मांडीवर घेतलेली, डोळे तांबारलेली माणसं बसायची आणि निम्म्यांना पडद्याशी काही देणंघेणं नसायचं. त्यांना अंधार हवा असायचा, डोक्यावर पंखा हवा असायचा आणि तीन तास कोणी उठ म्हणू नये एवढंच हवं असायचं. मालकांना हे पुरतं ठाऊक होतं. सकाळच्या खेळाला हाणामारीचा सिनेमा लावू नका, लोक दचकतात, असं त्यांनी मॅनेजरला बजावून ठेवलं होतं.

त्यांना वेळेवर उठवायचं काम उद्धवचं. कोणी सांगितलं नव्हतं, पण ते त्याच्याकडे आलं आणि त्याने त्यात आपली रीत बसवली. दारातून आत जाताना जो तो आपली वेळ सांगायचा. कोणाला दहाला बँकेत जायचं असे, कोणाला अकराची गाडी धरायची असे. दहाच्या आत उठणारे बाल्कनीत उजव्या हाताला, वाटेलगतच्या खुर्च्यांवर. अकराचे भिंतीकडे. खेळ सुटल्यावर उठणारे मधोमध. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात. आणि उठवायचं ते खांदा हलवून नाही. मशीनवरच्या माणसाला खांद्याला धरून हलवलं की तो हात झटकून उभाच राहतो, एकदोघांनी तर उद्धवला गुद्दाही हाणला होता. म्हणून गुडघ्यावर तळवा ठेवून हळूच दोनदा दाबायचं. माणूस शांतपणे डोळे उघडायचा.

भैरू रोज यायचा. दारात दोन मिनिटं उभा राहायचा, हीच काय ती दोघांची भेट. तो आत गेला की पडद्यावर नावांच्या पाट्या पडायच्या आत झोपलेला असायचा. पण कंपनीतले सोबती मोठे खवचट. एवढे सिनेमे बघतोस तर गोष्ट सांग म्हणून त्याला छळायचे. मग उद्धवने युक्ती काढली. सिगरेटच्या पाकिटातल्या कागदावर तो त्या आठवड्याच्या सिनेमाची गोष्ट बारीक अक्षरात लिहायचा आणि उशीखाली ठेवायचा. भैरू उठल्यावर ती वाचून कामावर जायचा आणि ठोकून द्यायचा. गोष्टही निम्मी उद्धवच्या पदरचीच असायची, कारण दाराआडून त्याला संवाद ऐकू यायचे पण कोण कोणाला म्हणतंय ते कळायचं नाही. दोन वेगवेगळ्या सिनेमांचा शेवट त्याने एकच लिहिला तेव्हा भैरूने उशीखाली उलट चिठ्ठी ठेवली, की गड्या, ही बाई मागच्या आठवड्यातच मेली. चिठ्ठीसोबत पुडीत भाजलेले शेंगदाणे होते.

उद्धवचं मन कोणात गुंतलं असेल तर ते या न भेटणाऱ्या माणसात. रोज खाटेवर पडलं की चादरीला मशीनच्या तेलाचा वास यायचा आणि त्याला बरं वाटायचं. मुलखापासून इतक्या लांब आपलं कोणी आहे असं वाटायचं. दोघांचा एक करार ठरला होता. भैरू पर्मनंट झाला की त्याला हक्काची सुट्टी मिळणार. त्या दिवशी उद्धवने रजा टाकायची आणि दोघांनी बाल्कनीत शेजारी बसून एक सिनेमा पाट्यांपासून शेवटपर्यंत बघायचा, कोणी झोपायचं नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत तो दिवस जवळ आला. कंपनीत काही टेम्पररींना पर्मनंट करणार होते. ऑफिसात सकाळी दहाला यादी वाचायची, ज्याचं नाव येईल त्याने तिथे उभं राहून सही करायची, हजर नसेल तर पुढचं नाव. भैरूने आदले तीन दिवस दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही शिफ्ट सलग मारल्या होत्या. कंपनीपाशीच थांबला असता तर उभ्याउभ्या झोपला असता, म्हणून तो सायकल मारत हेमांगीत आला.

"साडेनऊला उठव," दारात तो म्हणाला. "धाला हापिसात नाव पुकारनार हायेत. इसरू नगंस."

"तू बिनघोर नीज. मी हाव ना."

साडेनऊला उद्धव बरोबर त्याच्या खुर्चीपाशी गेला. हात गुडघ्याकडे नेला. भैरूचं तोंड उघडं पडलं होतं. तेलाने काळी झालेली बोटं गालाखाली दुमडलेली होती आणि तो इतका गाढ, इतका निवांत झोपला होता की उद्धवचा हात पुढे जाईना. चौकीदारासारखं कडक काळीज त्याच्याजवळ कधीच नव्हतं. त्याला वाटलं, सायकलवर दहा मिनिटांचा रस्ता. अजून पाच मिनिटं झोपू दे बिचाऱ्याला.

त्याच पाच मिनिटांत फिल्म तुटली. पडदा पांढरा झाला, जागे होते त्यांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या, एकाने मॅनेजरच्या खोलीचं दार धरलं. उद्धव तिकडे धावला. लोकांना समजावून, फिल्म जोडून, दिवे पुन्हा बंद होईतो दहा वाजून दहा झाले होते. एवढ्या गोंधळात भैरू हलला नव्हता. तीन दिवसांची झोप ती.

जागा होऊन भैरू ऑफिसात पोचला तेव्हा यादी पुढे गेली होती. त्याचं नाव तीनदा पुकारून कारकुनाने खालचं घेतलं होतं. दुपारी भैरू ठकुबाईकडे आला, आपली चादर आणि पत्र्याची पेटी उचलली आणि निघून गेला. हेमांगीवरून गेला नाही. शिव्या द्यायला तरी आला असता तर उद्धवला बरं वाटलं असतं. त्या दिवशी काम संपवून तो खाटेवर पडला तर उशीखाली काही नव्हतं आणि अंथरूण गार होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला खाट गार लागली.

पुढे कळलं की भैरू भोसरीत एका वर्कशॉपला लागलाय. उद्धव दोन वेळा तिकडे हिंडून आला. तिसऱ्या खेपेला भैरू त्याला खरोखर दिसला. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभा होता, कंत्राटदाराचा निळा डगला अंगात. मध्ये फक्त रस्ता होता. उद्धव एका ट्रकमागे उभा राहिला आणि भैरूचा चहा संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला. मग परत फिरला. काय तोंड दाखवायचं, हा विचार त्या वेळी फार मोठा वाटला. नंतरच्या आयुष्यात त्याने दहा हजार वेळा तो रस्ता ओलांडला असेल, मनातल्या मनात.

मग काळ आपल्या वाटेने गेला. नव्वद सरता सरता लग्न झालं, सुमनताई आल्या, खाट जाऊन खोली आली, मुलगा झाला. शहरात मॉल आले आणि हेमांगीचे खेळ ओस पडू लागले. दोन हजार नऊमध्ये मालकांनी टॉकीज बंद केलं आणि चाकणच्या एका कंपनीला पुठ्ठ्याचे खोके ठेवायला गोदाम म्हणून दिलं. दारावर उद्धवरावच. सहा वर्षं त्यांनी खोक्यांवर पहारा केला. खालच्या खुर्च्या भंगारात गेल्या. बाल्कनीतल्या तेवढ्या तशाच होत्या, त्यांच्यावर ताडपत्री घालून ते दर शनिवारी धूळ झटकायचे. कोणासाठी, असं सुमनताई विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पोळ्या लाटायला घ्यायच्या.

पंधरा साली इमारतीचं नाट्यगृह करायचं निघालं. पडदा उतरवला तेव्हा मागे पारव्यांची घरटी आणि विटांची उघडी भिंत निघाली. उद्धवरावांना ती बघवली नाही, ते बाहेर जाऊन उभे राहिले. पुढच्या आठ रांगांच्या जागी स्टेज उभं राहिलं. जिथून सिनेमाचा झोत यायचा त्या खोलीत आता दिवेवाला बसतो आणि भिंतीतली ती दोन चौकोनी भोकं तशीच आहेत. बाल्कनी मोडायला पैसे पुरले नाहीत, म्हणून ती वाचली. खुर्च्यांना गाद्या बसल्या, पण रांगांची अक्षरं आणि आकडे जुनेच राहिले. उजव्या हाताला, वाटेलगत, दहाच्या आत उठणाऱ्यांच्या खुर्च्याही राहिल्या.

हे सगळं ऐकून स्वरूपाने फोनवर एक निरोप लिहिला. हेमांगी टॉकीजच्या मॉर्निंग शोला झोपायला येणारे भैरू नावाचे पाटणकडचे काका कोणाला माहीत आहेत का? तो निरोप या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत राहिला. अकराव्या दिवशी मोशीवरून फोन आला. बोलणारी भैरूची सून होती, मिनल.

"आमचे बाबा म्हणतात की ते तिथे पाच वर्षं यायचे आणि त्यांनी एकही सिनेमा पाहिला नाही. तेच ना हो?"

उद्धवरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. मिनल मोकळेपणाने सगळं सांगत गेली. सासऱ्यांनी भोसरीत, चाकणला, कुठे कुठे कामं केली, सगळी कंत्राटी. मुलाला मात्र शिकवलं. आता मुलाची बदली झाली, मोशीचा फ्लॅट रिकामा होणार आणि बाबा कायमचे गावी निघालेत. दहा दिवसांनी, मंगळवारी सकाळी जायचंय.

"रविवारी येतील का ते नाटकाला?" उद्धवरावांनी विचारलं. "माझं नाव सांगा त्यांना. उद्धव म्हणा. खाटेवरचा."

पलीकडे थोडी कुजबूज झाली.

"येईन म्हणतात," मिनल म्हणाली. "बाकी काही बोलले नाहीत."

सगळी कंत्राटी, हे दोन शब्द उद्धवरावांच्या उरात रुतून बसले. आठ दिवस त्यांना धड झोप लागली नाही. वहीतला कागद फाडून त्यांनी भाषण लिहिलं. त्यात नाट्यगृह नव्हतं, मालक नव्हते. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत माझ्यामुळे एका माणसाचं नशीब हुकलं, तो माणूस आज इथे बसलाय, आणि मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो, एवढंच होतं. ते चार ओळींचं होतं आणि त्यांनी ते वीस वेळा लिहिलं.

"घरी बोलवून चहा पाजा आणि सांगा की सरळ," सुमनताई म्हणाल्या.

"तो इथं आला अन् काही नाहीच बोलला तर? मी तोंड उघडायच्या आत उठून गेला तर? स्टेजवरून बोललं की त्याला ऐकावं तर लागंल."

सुमनताईंनी शर्टाला इस्त्री केली आणि कागद खिशात नीट ठेवून दिला.

रविवारी बाराला मिनल स्कूटीवरून भैरूला सोडून गेली. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली, कान तेवढेच मोठे. उद्धवराव दारात उभे होते. कडीवरचा हात त्यांना काढता येईना. सदतीस वर्षांत जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

भैरूने वर पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आजबी हुबाच हाईस का?" तो म्हणाला. "कुठं बसायचं?"

बाल्कनीत, उजव्या हाताला, वाटेलगत. भैरूने खुर्चीवर हात फिरवून बघितलं आणि बसला. कापडी पिशवी मांडीवर घेतली. उद्धवराव शेजारी बसले. बसले म्हणजे काठावर टेकले, कारण घंटा झाली की उठून दार लावायचं अशी त्यांच्या पायांना सवय होती. आज दार लावायला दुसरा माणूस होता. भैरू काही बोलत नव्हता, समोर पडद्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर राग आहे की नाही हे त्यांना बाजूने ओळखू येईना. त्यांनी खिशावरून कागद चाचपला. मध्यंतरापर्यंत थांबायचं, मग स्टेजवरून सगळं सांगून टाकायचं.

तिसरी घंटा झाली. दिवे गेले. पाठीमागच्या चौकोनी भोकातून उजेड सुटला आणि स्टेजवर एक घर दिसू लागलं. कोणी बाई दारात रांगोळी काढत होती. खुर्ची मऊ होती, अंधार गार होता. उद्धवराव पहिल्यांदाच पाठीला टेकले. शेजारून ओळखीचा, तेलाचा नव्हे पण माणसाचा वास आला. इतक्या वर्षांनी तो आपल्या शेजारी आहे, या विचाराने त्यांचं सगळं अंग सैल पडलं.

गुडघ्यावर कोणाचा तरी तळवा आला आणि हळूच दोनदा दाबला गेला.

उद्धवरावांनी शांतपणे डोळे उघडले. दिवे लागले होते. खालच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि स्टेजवर दोघं जण ते घर सुटं करून ठेवत होते.

"मध्यंतर झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. नाटकबी झालं."

उद्धवरावांचा हात खिशाकडे गेला. कागद तसाच होता, घडी न मोडलेला.

"आरं, माझं नाव पुकारणार होते..."

"पुकारलं की. तीनदा पुकारलं. ती पोरगी वर आली व्हती तुला न्यायला. म्या म्हनलं, ताई, निजू द्या त्याला. तिनं तुझी शाल माझ्याकडंच दिली." भैरूच्या मांडीवर पिशवीबरोबर एक शाल होती.

"मग उठवलं कामून नाहीस रे?"

भैरू शालीची घडी सारखी करत राहिला.

"उठवनारच व्हतो. हात फुडं केलाबी व्हता," तो म्हणाला. "पर तोंड उघडं टाकून असा निजला व्हतास, मला तुला उठवाय धीर हुईना. म्हनलं, पाच मिनिटं जाऊ द्यात."

उद्धवराव खुर्चीत सरळ बसले.

"राग लई व्हता मला," भैरू पुढे म्हणाला. "धा-बारा वर्सं तरी व्हता. मंग राग गेला, पर एक ऱ्हायलंच. यानं मला का उठवलं न्हाई, हे काय डोक्यातनं जाईना. इसरला म्हनावं तर तू इसरनारा न्हवंस. आज हात फुडं केला आन कळलं बघ."

उद्धवरावांना रडू आलं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला नाही. बाल्कनीत तिसरं कोणी नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी कागद काढून भैरूपुढे धरला.

"यात लिवलंय सगळं. तुला ऐकवायचं होतं."

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," भैरू म्हणाला. "चल. साडेचारची बस हाय मला."

दोघं नाशिक फाट्याच्या थांब्यापर्यंत चालत गेले. डोक्यावरून मेट्रो जात होती, रविवार असून रस्त्याला गर्दी होती. बाकावर बसल्यावर उद्धवरावांच्या लक्षात आलं आणि त्यांना हसूही आलं. सुमनताई विचारतील, स्वरूपा विचारेल, नाटक कसं होतं म्हणून.

"त्यात झालं काय, तेवढं तरी सांग," ते म्हणाले.

भैरूने पिशवीतून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

"सांगतो की. तुझ्यावानी पदरचं घालनार न्हाई पर," तो म्हणाला. "एक बाई असती. ती दारात रांगुळी काढत असती..."

"तेवढं पाहिलं मी."

"तेवढंच पायलंस. फुडं ऐक."

भैरू सावकाश सांगत होता. कोणाच्या अंगात कसले कपडे होते, कोण कुठून आलं, कोण कुठे बसलं, काही सोडत नव्हता. मोशीची बस आली. उद्धवरावांनी तिच्याकडे बोट दाखवलं. भैरूने एकदा बसकडे पाहिलं, दोन शेंगदाणे तोंडात टाकले आणि बसल्या जागेवरून हलला नाही. बस थांबली आणि गेली. गोष्ट अजून मध्यंतरापर्यंतही आली नव्हती.